डब्यातला डबा: सीची स्ट्रक्चर्स आणि हास्केल



इथे यूकेत बँका, टेलिकॉम वगैरे ठिकाणी काम करणाऱ्यांना हा प्रकार नवा नसावा: वरचा प्रोग्रॅम टाइपच्या बाबतीत कडक असलेल्या भाषेत लिहायचा, आणि खाली लायब्ररी मात्र जुनी, सीमधली. गंमत म्हणजे दोन्ही घराण्यांची मुळं याच देशात आहेत. सीची आजी म्हणजे बीसीपीएल, मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ च्या सुमारास केंब्रिजला केलेली. तिच्यात टाइप हा प्रकारच नव्हता. उलट १९७० च्या दशकात एडिंबराला रॉबिन मिल्नर यांच्या चमूने एमएल केली. तिथे टाइप जुळल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊच देत नाही. हास्केल त्याच वळणाची, आणि तिचा जीएचसी कंपायलर ग्लासगो विद्यापीठात जन्मला.

या दोघींचं वाजतं ते स्ट्रक्चरपाशी. सीचं स्ट्रक्चर म्हणजे सलग बाइट्स. कुठलं फील्ड कुठे सुरू होतं ते सी कंपायलरला ठाऊक, हास्केलला नाही. एक इंट आणि त्यामागे एक डबल घ्या. ३२ बिट इंटेल लिनक्सवर डबलचा ऑफसेट ४ आणि एकूण आकार १२ बाइट्स. ६४ बिटवर तोच ऑफसेट ८ आणि आकार १६, कारण मध्ये ४ बाइट्स पॅडिंग येतं. हास्केलच्या कोडात कुणी हाताने ४ लिहून ठेवला असेल, तर मशीन बदलल्यावर प्रोग्रॅम कोसळेलच असं नाही. रकमेच्या जागी कचरा वाचला जाईल आणि रिपोर्ट वेळेवर तयार होईल! त्यापेक्षा कोसळलेला परवडला.

स्ट्रक्चरच्या आत स्ट्रक्चर असलं की गुंता वाढतो. फाइलची माहिती देणाऱ्या 'स्टॅट'च्या पोटात 'टाइमस्पेक' असतं, त्यात सेकंद आणि नॅनोसेकंद. हा झाला डब्यातला डबा. दोन ऑफसेटची बेरीज केली की पोचलात. पण नेटवर्कच्या 'अॅड्रइन्फो'मध्ये आत डबा नसतो, दुसऱ्या डब्याच्या पत्त्याची चिठ्ठी असते, म्हणजे पॉइंटर. तिथे आधी पत्ता वाचायचा, तो नल नाही ना ते बघायचं, मगच पुढे जायचं.

उपाय तीन.

पहिला: ऑफसेट मोजू नका, विचारा. जीएचसीबरोबर येणारं एचएससी-टू-एचएस हे टूल सी कंपायलरकडूनच ऑफसेट काढून हास्केलची फाइल तयार करतं. रस्टवाल्यांचं बाइंडजेन तर लेआउट तपासणाऱ्या टेस्टही लिहून देतं.

दुसरा: नुसता आकडा फिरवू नका, त्याला टाइप द्या. 'स्टॅटमधून टाइमस्पेककडे' हा एक टाइप, 'टाइमस्पेकमधून नॅनोसेकंदाकडे' हा दुसरा, आणि दोन्ही जोडणारं एक फंक्शन. चुकीची जोडी लावली तर कंपायलरच अडवतो. चिठ्ठीसाठी टाइप वेगळा, आणि त्याचं उत्तर 'मेबी', म्हणजे नल विसरायची सोयच नाही.

तिसरा: आयुष्य सांभाळा. 'अलोका'ने घेतलेली जागा तिचं काम संपताच परत जाते. आतल्या डब्याचा पत्ता बाहेर नेलात तर तो पडक्या घराचा पत्ता. त्यासाठी 'फॉरिन पॉइंटर' वापरा. त्यात आतला पत्ता हातात असेपर्यंत बाहेरचा डबा फेकला जात नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर २०३८ आठवा. १९ जानेवारीला पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी (हिवाळ्यात जीएमटी, म्हणजे आपल्याच घड्याळाने) ३२ बिटचा वेळेचा आकडा भरतो. म्हणून ग्लिबसी २.३४ ने २०२१ मध्ये ३२ बिट मशीनवर ६४ बिट वेळेचा पर्याय दिला, आणि २०२४ मध्ये डेबियनने ३२ बिट आर्मसाठी तो बदल केला. यात टाइमस्पेक ८ बाइट्सचं १६ झालं आणि नॅनोसेकंदाचा ऑफसेट ४ वरून ८ वर गेला. ज्यांच्या कोडात अजून ४ आहे त्यांना सेकंदांचा वरचा अर्धा भाग मिळेल, म्हणजे आजच्या तारखांना कायम शून्य. एरर नाही, वॉर्निंग नाही.

थोडक्यात काय, टाइप सिस्टिम कितीही कडक असो, तिला सांगितलेलंच ती खरं मानते. सीच्या वेशीवर ती माहिती सी कंपायलरच्याच तोंडून घ्यावी. ओकॅमल किंवा रस्टमध्ये कुणी हे केलं असेल तर जरूर लिहा.