समुराई ते मिताशी : विस्मरणात गेलेले टीव्ही गेम आणि त्यांचे एम्युलेशन

१९९० च्या दशकात महाराष्ट्रात ज्याला सरसकट ‘व्हिडिओ गेम’ म्हणत, ते यंत्र बहुतेक घरांत नकली होते. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम हा टीव्ही गेम विक्रीस आणला. पुढे तैवानमध्ये त्याच्या चिप्सच्या नकला निघाल्या. त्यांवर बेतलेले डबे समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी भारतभर विकले गेले. अस्सल माल आवाक्याबाहेरचा होता. ८० टक्के आयात शुल्क चुकवण्यासाठी सेगा कंपनीने १९९५ मध्ये शॉ वॉलेसशी करार करून आपला मेगा ड्राइव्ह आणला, तरी त्याची किंमत १८,००० रुपये होती.

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावात गेम चालवायचा म्हणजे अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर खोचायची आणि चित्र येईपर्यंत टीव्हीचे चॅनल जुळवत बसायचे. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट असला तर मारिओही राखाडीच. कॅसेट लागली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारण्याचा उपाय सर्वांना ठाऊक होता. फायदा व्हायचा तो फुंकरीचा नव्हे, कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने पट्ट्यांचा संपर्क नीट जुळण्याचा. खेळ साठवून ठेवायची सोय या कॅसेटमध्ये बहुधा नसे. वीज गेली की कॉन्ट्रा पहिल्यापासून.

कॅसेटवर ‘९९,९९,९९९ इन १’ असा आकडा छापलेला असे. आत वेगळे गेम मोजकेच. तेच गेम वेगळ्या नावाने किंवा पुढच्या पातळीपासून सुरू करून यादी फुगवलेली. गेम निवडण्यामागचे कारणही साधे होते. टँकचा गेम म्हणून माहीत असलेला बॅटल सिटी अवघ्या २४ किलोबाइटचा, सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटचा. कॉन्ट्राला मात्र १२८ लागत. लहान गेम एका बोर्डावर बरेच मावत, म्हणून तेच ते सगळ्या कॅसेटमध्ये दिसत. बोर्डावर चिपऐवजी काळ्या इपॉक्सीचा थेंब असे. त्यावर ना नाव, ना क्रमांक, त्यामुळे कॅसेट उघडूनही आत काय आहे ते कळत नाही.

२००० नंतर मुंबईच्या मिताशीने याच जातीचे टीव्ही गेम विकले. तोवर सगळे यंत्र एकाच चिपमध्ये आले होते आणि संगणकावर अशा यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटरही पोचले होते. मरात फैझुलिनचा आयएनईएस १९९६ चा. एप्रिल १९९७ मध्ये आलेल्या नेस्टिकलने साध्या संगणकावरही हे गेम पळवून दाखवले. कुठल्याही क्षणी खेळ जसाच्या तसा साठवण्याची सोय एम्युलेटरने दिली. लोडशेडिंगमध्ये खेळलेल्यांना तिची किंमत वेगळी सांगायला नको.

एम्युलेटरांनी आधी जपला तो निन्टेन्डोचा मूळ डबा. नकलेची चाल निराळी होती. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवत, भारतातले पाल पद्धतीचे ५०. म्हणून पाल नकलेवर तोच मारिओ सहाव्या हिश्शाने हळू धावे आणि त्याचे संगीतही रेंगाळे. आज एम्युलेटर उघडल्यावर अनेकांना गेम भलताच वेगवान वाटतो तो याच कारणाने, वयामुळे नव्हे. युरोपसाठीच्या अस्सल पाल यंत्रात वेळेचे गणित बदलल्याने जपानी गेम कधी कधी गडबडत. तैवानच्या यूएमसीने पाल चिपमध्ये खुबीने मार्ग काढला : चित्रे ५०च ठेवली, पण प्रोसेसरला मिळणारी सूचना उशिरा दिली, म्हणजे जपानी कॅसेट बिनबोभाट चालत. एफसीईयूएक्स आणि मेसेन या एम्युलेटरांत या पद्धतीला ‘डेंडी’ म्हणतात. १९९२ मध्ये रशियात आलेल्या नकलेचे ते नाव. समुराई किंवा लिटल मास्टर असा पर्याय मात्र यादीत नाही. भारतात विक्री काही कमी नव्हती, पण आपल्या डब्यांची तपशीलवार नोंद ठेवण्याचे कष्ट रशियन हौशी मंडळींनी घेतले, इथे ते फारसे कोणी घेतले नाहीत.

आवाजाचेही तसेच. अनेक नकली चिप्समध्ये ध्वनिलहरींच्या दोन प्रकारांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे ओळखीची धून जरा वेगळ्या नादात ऐकू येई. ही चूकसुद्धा एम्युलेटरमध्ये एका खुणेने चालू करता येते. अनेक-गेमी कॅसेटचे प्रकरण अधिक किचकट आहे. प्रत्येक बोर्डाची जोडणी वेगळी, म्हणून एम्युलेटरच्या गेम फायलीत त्याचा प्रकार क्रमांकाने सांगावा लागतो. जुन्या आयएनईएस फायलीत २५६ क्रमांकच बसत, नंतरच्या नेस २.० या फाइल प्रकारात ४,०९६ ची जागा झाली आणि त्यात नव्याने दिलेले बहुतेक क्रमांक विनापरवाना बोर्डांनाच गेले.

बदके मारायच्या बंदुकीचे तेवढे जमलेले नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपे. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे ताबडतोब घडे, एलसीडी पडद्यावर चित्र उशिरा उमटते आणि ती बंदूक निकामी ठरते. एम्युलेटरमध्ये बदके बहुधा माउसने मारावी लागतात.