धुळीच्या वादळात हवेचे रसायन कसे बदलते?

दि. २३ जानेवारी २०२२ चा रविवार अनेकांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी मुंबई व उत्तर कोकणावर पांढुरके मळभ दाटले आणि उभ्या वाहनांवर पिठासारखा थर बसला. आदल्या दिवशी कराचीच्या बाजूस उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्र ओलांडून आले होते. त्याची छाया पुण्यापर्यंत जाणवली.

अशी धूळ केवळ परदेशातून येते असे नाही. बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुकचा परिसर पाहा. कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस डोलतो. मात्र हा सारा प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. वळवाच्या पावसापूर्वी सोसाट्याचा वारा सुटला की कोरड्या रानातील माती आकाशात चढते. शेजारच्या माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी आहे, यावरून येथील दुष्काळाचे व उष्म्याचे गांभीर्य ध्यानी यावे.

धूळ म्हणजे निर्जीव माती, असा आपला समज असतो. वस्तुतः तिच्यात वाळूचे व चिकणमातीचे सूक्ष्म कण, लोह आणि चुनखडी असते. दख्खनच्या काळ्या जमिनीत तर चुनखडीचे प्रमाण पुष्कळ ठिकाणी अधिक आढळते. चुनखडी आम्लारिधर्मी असल्याने आम्लाशी तिचा संयोग चटकन होतो.

आम्ल हवेत येते कोठून? वाहनांच्या व भट्ट्यांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून नायट्रिक आम्ल तयार होते, तर कोळसा व तेल जळताना निघणाऱ्या गंधकाच्या वायूपासून सल्फ्युरिक आम्ल. शेतातील युरिया व शेणखतातून अमोनिया वायू निघतो. एरवी अमोनिया व नायट्रिक आम्ल यांच्या संयोगातून अडीच मायक्रॉनहूनही लहान कण बनतात. आपल्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल.

धुळीचे वादळ आले की हे गणित बदलते. नायट्रिक आम्ल चुनखडीच्या कणांवर जाऊन बसते. त्यातून कॅल्शियम नायट्रेट तयार होते व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अशा रीतीने नायट्रेट सूक्ष्म कणांकडून धुळीच्या मोठ्या कणांकडे सरकते. कॅल्शियम नायट्रेट हवेतील ओलावा सहज शोषते. त्यामुळे कोरड्या कणावर पाण्याचा पातळ थर चढतो. त्या थरात गंधकाचा वायू विरघळतो आणि धुळीतील लोह त्याचे सल्फेटमध्ये रूपांतर होण्यास साहाय्य करते. म्हणजे जो कण वाळवंटातून निघाला, तोच कण आपल्या दारी पोहोचत नाही.

या बदलाला दोन बाजू आहेत. धुळीतील चुन्यामुळे पावसाची आम्लता बरीच मोडली जाते, हा लाभ. मात्र मार्गातील धूर व वायू अंगावर घेऊन आलेली धूळ श्वासावाटे आत जाते, ही हानी. मोठे कण बहुधा नाकाघशात अडतात. सूक्ष्म कण थेट फुप्फुसात खोलवर जातात. दम्याचे रुग्ण, वृद्ध व बालके यांना त्याचा त्रास अधिक होतो. म्हणून अशा दिवशी शक्यतो घरात थांबावे, खिडक्या बंद ठेवाव्यात आणि बाहेर पडताना नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावावा.

वादळ थोपविणे आपल्या हाती नाही. परंतु येणाऱ्या धुळीला येथे कोणती हवा भेटावी, हे काही अंशी आपल्याच हाती आहे. ऊसतोडीनंतर पाचट पेटवून न देता सरीत कुजविले, तर काजळी व वायू कमी होतात, जमीन झाकलेली राहते आणि धूळही कमी उडते. बांधावरची झाडे वाऱ्याचा वेग मोडतात. कराचीच्या वाळवंटावर आपली सत्ता नसली, तरी आपल्या शेतातील काडीपेटीवर ती निश्चितच आहे.