आभासी सर्व्हरचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविताना सामान सुखरूप पोचले म्हणजे काम संपले, असे कोणताही जाणता गृहस्थ मानीत नाही. नळ कोठे आहे, दिव्याचे बटण कोणत्या भिंतीवर आहे, हे कळेपर्यंत नव्या घरातली पहिली रात्र चाचपडण्यातच जाते. संगणकाच्या बाबतीत मात्र ही साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. समजा, एखाद्या पतपेढीचे सर्व हिशेब एका आभासी सर्व्हरवर आहेत. त्याची डिस्क नव्या यंत्रावर जशीच्या तशी उतरविली जाते, एकही अक्षर गळत नाही. आणि तरीही सकाळी ठेवीदार दाराशी उभे असता यंत्र काही जागे होत नाही. असे का व्हावे आणि ते टाळावे कसे, हे समजून घेण्याजोगे आहे.

आभासी सर्व्हर म्हणजे एका खऱ्या यंत्राच्या पोटात प्रोग्रामच्या बळावर उभे केलेले दुसरे यंत्र. ही कल्पना नवी नव्हे; आयबीएम कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ सालीच जाहीर केली होती. लिनक्सच्या गाभ्यात ही सोय केव्हीएम ह्या नावाने २००७ साली आली. अशा सर्व्हरची डिस्क ही पुष्कळदा यजमान यंत्रावरील एक मोठी फाइल असते, आणि ती वाचण्यासाठी व्हर्ट-आयओ नावाचे, केवळ आभासी यंत्रांकरिता योजलेले उपकरण असते. खऱ्या यंत्रात हे उपकरण नसते. तेथे बहुधा एनव्हीएमई अथवा साटा जातीची डिस्क असते. सारी अडचण ह्या फरकातून उद्भवते.

यंत्र जागे होण्याचा क्रम असा. प्रथम यंत्राच्या चिपमध्येच साठविलेला फर्मवेअर हा प्रोग्राम चालू होतो. तो डिस्कवरील बूटलोडर शोधतो. बूटलोडर लिनक्सचा गाभा स्मृतीत आणतो आणि त्याच्याबरोबर इनिट्रॅमएफएस नावाचे एक लहानसे गाठोडेही आणतो. हे गाठोडे म्हणजे गाभ्याची प्रवासातील शिदोरीच होय. डिस्क उघडण्यास लागणारा ड्रायव्हर डिस्कवरच ठेवला, तर तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिल्यासारखे होईल. म्हणून तो ह्या शिदोरीत आधीच बांधून दिलेला असतो.

आता गोम अशी की, ही शिदोरी पुष्कळदा अगदी बेताची बांधलेली असते. रेड हॅटच्या घराण्यातील प्रणालींत ड्रॅकट नावाचा प्रोग्राम ती बांधतो, आणि ज्या यंत्रावर तो चालतो त्या यंत्रापुरतेच ड्रायव्हर घेण्याची त्याची सर्वसाधारण रीत आहे. जुन्या घरी व्हर्ट-आयओचा ड्रायव्हर पुरेसा होता. नव्या घरी एनव्हीएमईचा हवा असतो आणि तो गाठोड्यात नसतो. गाभा जागा होतो, डिस्कची वाट पाहतो, आणि ती न सापडल्याने थांबतो. विंडोजमध्येही हीच व्याधी आढळते. तेथे ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी सूचना पडद्यावर उमटते. दोन्ही ठिकाणी डिस्क खराब झालेली नसते, हे ध्यानात ठेवले म्हणजे निम्मी भीती नाहीशी होते.

दुसरा अडथळा फर्मवेअरचा. जुनी बायॉस पद्धती डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांचा विभाग वाचून पुढे जाते. नवी यूईएफआय पद्धती फॅट जातीच्या एका स्वतंत्र विभागातील फाइल शोधते, आणि कोणती फाइल घ्यावयाची ह्याची नोंद डिस्कवर नव्हे, तर यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीत ठेवते. म्हणजे ती नोंद जुन्या घरीच राहते! ह्यावर उपाय म्हणून बूटलोडरची एक प्रत ठरीव नावाने ठरीव ठिकाणी ठेवण्याचा संकेत आहे. नोंद नसली तरी यंत्र तेथे पाहते. परंतु सर्व्हर मुळात बायॉसवर चालत असेल आणि नवे यंत्र केवळ यूईएफआय जाणत असेल, तर तो विभाग प्रथम निर्माण केलाच पाहिजे.

तिसरा अडथळा नावांचा. आभासी डिस्कचे ‘व्हीडीए’ हे नाव नव्या घरी पालटते. म्हणून डिस्कचे विभाग उपकरणाच्या नावाने न ओळखता, विभागाबरोबरच प्रवास करणाऱ्या यूयूआयडी ह्या ओळखक्रमांकाने ओळखावे. जाळ्याच्या जोडणीचे नावही तसेच बदलते. तेव्हा यंत्र सुखरूप जागे होते, पण त्याच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही. दूरच्या गावी ठेवलेल्या यंत्राच्या बाबतीत हा प्रसंग फार त्रासाचा होतो. तेथे कळफलक आणि पडदा ह्यांची सोय आधीच करून ठेवावी.

डिस्कची मापेही पाहणे अवश्य आहे. नवी डिस्क जुनीहून लहान नसावी. मोठी असल्यास जीपीटी कोष्टकाची डिस्कच्या टोकाशी राहणारी दुसरी प्रत नव्या टोकाशी सरकवावी लागते. आणि एका डिस्कचा विभाग ५१२ बाइटांचा व दुसरीचा ४०९६ बाइटांचा असेल, तर हुबेहूब नक्कल करूनही ते कोष्टक वाचता येत नाही.

ह्या सर्वांवरून एक नियम निघतो: तयारी निघण्यापूर्वी, जुन्या यंत्रावरच करावी. ड्रॅकटला ‘नो-होस्टओन्ली’ हा आदेश देऊन शिदोरी सढळ हाताने बांधून घ्यावी. डेबियनचा क्लाउड जातीचा गाभा असेल, तर त्यात खऱ्या यंत्रांचे पुष्कळ ड्रायव्हर मुळातच वगळलेले असतात. त्याऐवजी सर्वसाधारण गाभा घालावा. मग सर्व्हर रीतसर बंद करून नक्कल घ्यावी, कारण चालत्या सर्व्हरची नक्कल म्हणजे अर्धवट लिहिलेली खतावणी. तयारी राहूनच गेली, तर यूएसबीवरील दुसऱ्या लिनक्सने यंत्र चालू करून ह्याच दुरुस्त्या मागाहूनही करता येतात. परंतु त्या खोळंबलेल्या लोकांसमोर कराव्या लागतात.

शेवटची गोष्ट जुन्या घराची. नव्या यंत्रावर हिशेब जुळल्याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नये. मात्र जुना सर्व्हर चालूही ठेवू नये. एकाच पत्त्यावर दोन यंत्रे उत्तर देऊ लागली, तर काही नोंदी इकडे आणि काही तिकडे पडतात, आणि मग खरी वही कोणती हे सांगणे कठीण होते. नवे घर नीट लागेपर्यंत जुन्या घराला कुलूप असावे, पण त्याची किल्ली हाताशी असावी.