हिवाळा, आई-बाबा आणि चालणे

गेल्या संक्रांतीला तिळगूळ देताना एका आजोबांनी आम्हाला विचारले, "कॅनडात कधी आलात?" दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारले आणि जेवणाच्या रांगेत तिसऱ्यांदा. "वय झालं आता" असे म्हणून आपण अशा वेळी हसतो नि पुढे सरकतो. आम्हीही तेच केले. घरी परतताना मात्र ते हसणे टोचत राहिले.

नोव्हेंबर ते एप्रिल आपल्याकडचे आई-वडील काय करतात? मुलगा-सून ऑफिसात, नातवंडे शाळेत, दारात बर्फ. तिकडे मंडई, देऊळ, शेजार असे करत नकळत दोन-तीन किलोमीटर चालणारी माणसे इथे सोफा, खिडकी आणि टीव्ही यांतच अडकतात. आपणच त्यांना सांगतो, "बाहेर जाऊ नका, पडाल." त्यात चूक काहीच नाही, पण बसून राहण्याचीही किंमत असते.

या विषयावरचा एक मोठा अभ्यास आपल्याच गावाशी जोडलेला आहे. 'कॅनेडियन स्टडी ऑफ हेल्थ अँड एजिंग' १९९१ मध्ये सुरू झाला आणि ओटावा व लावाल विद्यापीठांनी त्याचे काम सांभाळले. ६५ वर्षांपुढच्या दहा हजारांहून अधिक लोकांत सुमारे ८ टक्क्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आढळला. ज्यांची स्मृती शाबूत होती त्यांना पाच वर्षांनी पुन्हा तपासले. त्यांपैकी ४,६१५ जणांवरचा निबंध २००१ मध्ये आला. नियमित व्यायाम करणाऱ्यांत हा विकार कमी दिसला. (मुलाखती इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये होत्या, आपल्या बहुतेक आज्या त्यात बसल्याच नसत्या.)

पण ज्यांचा मेंदू आधीच चांगला, तेच जास्त चालत असतील तर? रसायनशास्त्राची सवय म्हणून आम्हाला ही शंका आली. अमेरिकेतला २०११ चा प्रयोग इथे उपयोगी पडतो. १२० वयस्कांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीनदा चालवले, १० मिनिटांपासून वाढवत ४० मिनिटांपर्यंत. बाकीच्यांना फक्त ताण देण्याचे व्यायाम. वर्षभरात चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाशी निगडित मेंदूचा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटाचा घटला.

उलट बाजूही सांगायला हवी. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये डिमेन्शिया झालेल्या ४९४ जणांवर प्रयोग झाला. व्यायामाने अंगात ताकद आली, पण स्मृतीची घसरण थांबली नाही. म्हणून आजार जडल्यावर जागे होण्यापेक्षा आधीच हालचाल वाढवलेली बरी.

सगळे विसरणे डिमेन्शिया नसते. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा थायरॉइड बिघडले तरी माणूस विसरतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता काही नवलाची नाही. साध्या रक्ततपासणीत कळते, उपायही आहे. ऐकू कमी येत असेल तर कानही तपासून घ्या. न ऐकलेली गोष्ट लक्षात कशी राहणार? फॅमिली डॉक्टरकडे जाताना मराठी बोलणारे कोणीतरी सोबत असावे, नाहीतर आजी "सगळं ठीक आहे" एवढेच सांगून परत येतात.

कॅनडातल्या मार्गदर्शनाप्रमाणे ६५ पुढे आठवड्याला १५० मिनिटे जरा दमवणारी हालचाल हवी, शिवाय स्नायूंचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम. हिवाळ्यात बेशोअर किंवा सेंट लॉरेंटसारखा मॉल त्यासाठी उत्तम: वर छप्पर, खाली कोरडी जमीन, दमले की बाक. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे. गुडघे, हृदय यांची तक्रार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मंडळातर्फे शनिवारी सकाळी मॉलमध्ये चालण्याचा गट करावा असे आमच्या मनात आहे. गाडीने आणून सोडणारे दोघे-तिघे हवेत, कळवावे. त्या आजोबांच्या घरी आम्ही फोन केला होता. ते यायला तयार आहेत. चालून झाल्यावर चहा मिळणार का, हे मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतले.