आधी जेवण, मग पथ्य

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गेली पंचवीस वर्षं मी पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो. सुरुवातीला माझ्याकडे मांजर यायचं ते गाडीखाली सापडलेलं, नाहीतर गॅलरीतून पडलेलं. आता बारा-तेरा वर्षांची, घरातच वाढलेली गुबगुबीत मांजरं येतात आणि त्यांच्याबरोबर म्हातारपणाचे आजारही येतात. त्यांतला एक मधुमेह आणि दुसरा मूत्रपिंडाचा, म्हणजे किडनीचा. हे दोन्ही एकाच मांजराच्या वाट्याला आले तर काय करायचं, याविषयी आज बोलणार आहे. दोन्ही आजार सांभाळता येतात. पण ते एकत्र आले की माणसं घाबरतात, आणि घाबरून जे करतात त्यानं कधीकधी आजारापेक्षा जास्त नुकसान होतं. हे मला एका बोक्यानं शिकवलं.

त्याचं नाव मोरू. वय अकरा. नसबंदी झालेला, आडव्या अंगाचा. असे बोके मधुमेहाला लवकर बळी पडतात. एका निवृत्त शिक्षिकेचा तो एकुलता सोबती. मी त्यांना काकू म्हणतो. मोरूचा मधुमेह लक्षात आल्यापासून आठ महिने काकू रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला त्याला ग्लार्जिन इन्सुलिनची दोन-दोन युनिटं टोचत होत्या. उतरलेलं वजन परत चढलं होतं. मागच्या पायांचे घोटे टेकवून चालायचा, ते थांबलं होतं. मग नेहमीच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन १.९ आलं. संध्याकाळी दवाखान्यात गर्दी होती. मी फोनवर घाईत म्हणालो, "काकू, मोरूची किडनी थोडी कमी काम करतेय. पुढच्या आठवड्यात या, बघू."

काकूंच्या यजमानांना मधुमेह होता. शेवटची दोन वर्षं त्यांनी डायलिसिसवर काढली होती. किडनी हा शब्द त्या घरात कसा ऐकला गेला असेल, याचा विचार मी केला नाही. काकूंनी त्याच रात्री मोरूचे मासे आणि कोंबडी बंद केली आणि यजमानांना द्यायच्या तसा बिनमिठाचा दहीभात त्याच्या ताटलीत वाढला. मोरूनं तो हुंगला आणि पाठ फिरवली. इन्सुलिन मात्र ठरल्या वेळी, ठरलेलं तेवढंच चालू राहिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मोरू सोफ्याखाली सापडला. मान टाकलेली, पाय लटपटत होते. काकूंनी फोन केला. मी सांगितलं, "बोटानं हिरड्यांना मध चोळा, तोंडात ओतू नका, आणि तसेच निघा." दवाखान्यात पोचला तेव्हा साखर ३८ होती. मोरू वाचला. चूक काकूंची नव्हती. मी त्यांना आकडा सांगितला, पण काय बदलायचं नाही ते सांगितलं नाही.

तर १.९ या आकड्याचा अर्थ काय? क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. ती कमी काम करू लागली की ते रक्तात साठतं. १९९८ साली स्थापन झालेल्या 'इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी' या तज्ज्ञांच्या संस्थेनं मांजरांसाठी चार टप्पे ठरवले आहेत. क्रिएटिनिन १.६च्या खाली असेल तर पहिला टप्पा, १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि त्यापुढे चौथा. म्हणजे १.९ हा दुसऱ्या टप्प्याचा खालचा भाग. तिथे कित्येक मांजरं वर्षानुवर्षं बरी राहतात.

पण हा टप्पा एका तपासणीवर ठरवायचा नसतो. मांजराच्या अंगात पुरेसं पाणी हवं, प्रकृती स्थिर हवी आणि तपासणी किमान दोनदा व्हायला हवी. मधुमेही मांजराची साखर आवाक्यात नसेल तर लघवीवाटे खूप पाणी जातं, शरीर कोरडं पडतं आणि क्रिएटिनिन वर दिसतं. पाणी भरून निघालं की ते उतरतंही. याच्या उलटही घडतं. मधुमेहात मांजराचे स्नायू झडतात. स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिन कमी, आणि मग खरा बिघाड झाकला जातो. म्हणून जोडीला एसडीएमए नावाची तपासणी करतात. २०१५ पासून ती पशुवैद्यकात वापरली जाते आणि स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

लक्षणांचाही असाच घोळ होतो. मांजर जास्त पाणी पितं, जास्त लघवी करतं, वाळतं, ही लक्षणं मधुमेहाचीही आहेत आणि मूत्रपिंडाचीही. मांजराच्या एका मूत्रपिंडात साधारण दोन लाख सूक्ष्म गाळण्या असतात. माणसाच्या मूत्रपिंडात त्या दहा लाखांच्या आसपास असतात. मांजराच्या गाळण्यांपैकी दोनतृतीयांश गेल्या की लघवी दाट करण्याची ताकद कमी होते, आणि क्रिएटिनिन वाढेपर्यंत सुमारे तीनचतुर्थांश गेलेल्या असतात. एरवी पातळ लघवी ही आम्हाला पहिली सूचना असते. मधुमेही मांजराची लघवी साखरेमुळे आधीच बिघडलेली असल्यानं ती सूचना नीट वाचता येत नाही. त्यामुळे साखर ताब्यात असूनही तहान वाढली, तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे.

काकूंनी मला विचारलं होतं, "ह्यांच्यासारखंच होणार का मोरूचं?" हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो. माणसांत मधुमेह हे किडनी निकामी होण्याचं एक मोठं कारण आहे. मांजरांत मधुमेहामुळे किडनी जाते, असा सरळ संबंध अजून सिद्ध झालेला नाही. दोन्ही आजार उतारवयात येतात, म्हणून ते एकाच घरात भेटतात. माणसाच्या आजारपणातला अनुभव मांजराला लावायला गेलं की मोरूसारखं होतं.

आता करायचं काय? रक्त पुन्हा तपासायचं. लघवीतून किती प्रथिनं जातात ते पाहायचं. प्रथिनांचं क्रिएटिनिनशी प्रमाण ०.२च्या आत असावं. ०.४च्या पुढे गेलं तर औषधाचा विचार करावा लागतो. लघवीत जंतू आहेत का, हे कल्चर करून बघायचं, कारण साखर असलेल्या लघवीत ते सहज वाढतात आणि वर मूत्रपिंडापर्यंत पोचतात. अशा संसर्गावर उपचार झाले तर पुढचं नुकसान टळतं. थायरॉइडही तपासून घ्यायची, कारण म्हाताऱ्या मांजरांत तिचा आजार किडनीचा बिघाड लपवतो.

आणि रक्तदाब! मांजराचा रक्तदाब मोजतात हेच पुष्कळांना माहीत नसतं. लहान मुलाच्या दंडाला बांधावा तसा छोटा पट्टा पायाला किंवा शेपटीला बांधून तो मोजतात. मांजराला आधी शांत बसू द्यायचं आणि चार-पाच वेळा मोजायचं. वरचा आकडा सतत १६०च्या पुढे राहिला तर औषध लागतं. ते दिलं नाही तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं.

सर्वांत अडचणीचा प्रश्न जेवणाचा. मधुमेहाचं पथ्य म्हणतं, प्रथिनं भरपूर आणि पिठूळ पदार्थ कमी. किडनीचं तयार खाद्य म्हणजे फॉस्फरस कमी, प्रथिनं बेताची, आणि त्यांची जागा भरून काढायला पिष्ट आणि चरबी जास्त. मग कोणाचं ऐकायचं? सुरुवातीच्या टप्प्यात मी मधुमेहाचं ऐकतो. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. प्रथिनं तोडली तर ते आपलेच स्नायू जाळतं. दूधपोळी आणि दहीभातावर त्याचं भागत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो आणि तो कमी पडला तर हृदय आणि डोळे बिघडतात.

आवरायचा असतो तो फॉस्फरस. आपल्याकडे तो येतो सुकट, सुके बोंबील आणि काट्यासकट दिलेल्या बारीक मासळीतून. सुक्या मासळीत मीठही असतं. ते बंद करावं. उकडलेली बिनहाडाची कोंबडी चालते, पण रोज नुसती तीच देऊ नये. कमी पिष्टाचं, ओलं तयार खाद्य सर्वांत सोयीचं. रक्तातला फॉस्फरस दुसऱ्या टप्प्यात ४.६च्या आत ठेवायचा असतो. तरीही तो चढत राहिला तर जेवणात मिसळून द्यायचं औषध मिळतं. आजार तिसऱ्या टप्प्यात गेला की हळूहळू, काही आठवड्यांत, किडनीच्या खाद्याकडे वळायचं आणि इन्सुलिनचा डोस त्याप्रमाणे बसवायचा. पण कुठल्याही टप्प्यावर नावडत्या पथ्याचं उपाशी मांजर हे आवडत्या जेवणाच्या मांजरापेक्षा जास्त धोक्यात असतं.

ओल्या खाद्याचा आणखी एक फायदा म्हणजे पाणी. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. भक्ष्याच्या शरीरातलं पाणीच त्यांना बरंचसं पुरायचं, म्हणून मांजराला तहान लागली तरी ते आळसानंच पितं. कोरड्या दाण्यांवर राहणारं मांजर ती तूट पूर्ण भरून काढत नाही. घरात दोन-तीन ठिकाणी, जेवणापासून जरा लांब, पसरट भांड्यांत पाणी ठेवा. मधुमेही मांजर जास्त पितं म्हणून पाण्यावर बंधन तर कधीच घालू नका.

इन्सुलिनबद्दल दोन गोष्टी. पहिली, शरीरातलं इन्सुलिन निकामी करण्याचं काही काम मूत्रपिंडंच करतात. ती मंदावली की इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतं. त्यात भूक कमी झाली की कालचा डोस आज जास्त ठरतो. म्हणून आधी ताटली, मग सुई. मांजर जेवलं नाही तर नेहमीचा डोस द्यायचा नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं. मनानं दिवसच्या दिवस इन्सुलिन बंदही करायचं नाही, कारण मग रक्तात कीटोन साठून मांजर दगावू शकतं.

दुसरी गोष्ट सिरिंजची. आपल्या देशात इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या यू-४० असतात, पण ग्लार्जिन यू-१०० असतं. लाल टोपणाची सिरिंज यू-४०ची, नारिंगी टोपणाची यू-१००ची. यू-१०० इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये रेघ बघून भरलं तर अडीचपट डोस जातो. औषधाच्या दुकानात बाटली आणि सिरिंज शेजारी धरून पाहा.

घरी कानाच्या कडेला टोचून साखर तपासता येते. दवाखान्यात भेदरलेल्या मांजराची साखर तीनशेवरही जाते, म्हणून घरचा आकडा जास्त कामाचा. माणसांचं यंत्र मांजरात थोडं कमी दाखवतं, एवढं ध्यानात ठेवा. मधुमेहासाठी आता तोंडानं द्यायची नवी औषधंही आहेत. अमेरिकेत मांजरांसाठी त्यांना २०२२ आणि २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण त्यांत साखर फारशी न वाढताही कीटोन साठू शकतात, आणि किडनी बिघडलेल्या किंवा इन्सुलिनवर असलेल्या मांजराला ती सरसकट देता येत नाहीत. नातेवाइकांनी परदेशातून आणली म्हणून सुरू करू नका.

दुखण्यावर घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विषच आहे आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर घाला घालतात. पुष्पगुच्छातली लिलीची फुलंही घरात नकोत. त्यांची पानं किंवा पराग चाटूनही मांजराची किडनी बंद पडते.

मोरूचं पुढे काय झालं? दोन आठवड्यांनी तपासलं तेव्हा क्रिएटिनिन १.८ आलं, पुढच्या महिन्यातही तेवढंच. लघवीतली प्रथिनं ठीक, जंतू नाहीत, रक्तदाब १५०. इन्सुलिन एका युनिटावर आणलं, सुकट बंद केली, बाकी जेवण पहिलंच ठेवलं. त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासण्या करत मोरू आणखी तीन वर्षं जगला. शेवटच्या वर्षात आजार तिसऱ्या टप्प्यात गेला, तेव्हा खाद्य बदललं, आणि ते त्यानं खाल्लंही.

काकू गणित शिकवायच्या. त्यांनी एका शंभर पानी वहीत मोरूची रोजची नोंद ठेवली होती. त्यात वजन, पाणी, साखर आणि इन्सुलिन असे रकाने होते. त्या पहाटेनंतर त्यांनी डावीकडे आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'जेवला का?' तो भरल्याशिवाय त्या सिरिंजला हात लावत नसत. आता मधुमेही मांजर घेऊन कोणी नव्यानं आलं की मी सर्वांत आधी ती वही त्यांच्यासमोर ठेवतो. काकूंनीच ती माझ्या दवाखान्यात आणून दिली आहे.