पित्ताची धार आणि नळीची छत्री
तेलकट ताटाला साबण, तसे पोटातल्या तेलातुपाला पित्ताम्ल. यकृत ते कोलेस्टेरॉलपासून बनवते. पण चरबी फोडणारा हा साबण पित्तनळीच्या पेशींचे चरबीचेच आवरण का सोलत नाही? साबणसोड्याने सोलवटलेले कामगारांचे हात पाहिलेल्या आम्हांस हा प्रश्न पडणारच. यकृत पित्तात लेसिथिन मिसळते, त्याने धार बोथटते. शिवाय या पेशी स्वतःवर बायकार्बोनेटाचा, म्हणजे खाण्याच्या सोड्यातल्याच क्षाराचा, थर धरतात. त्यात पित्ताम्ल विद्युत्भारित राहते व सहसा आत शिरत नाही. अॅमस्टरडॅमच्या बॉयर्स प्रभृतींनी २०१० साली या थराला छत्री म्हटले. प्राथमिक पित्तनलिकादाहात ती विरते, असा त्यांचा तर्क. हा विकार बहुधा मध्यमवयीन स्त्रियांचा. अंगभर खाज सुटते, आणि घरचे मलमावर भागवतात! त्यावर देतात ते उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लही पित्ताम्लच, पण सौम्य. ते पेशींना तो क्षार अधिक स्रवायला लावते.