पहिलं गाणं पक्ष्यांचं होतं

मे २०२६मधल्या व्हिएन्नाच्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत, तिच्या ७०व्या पर्वात, मंचावर नेदरलँड्स नाही. इस्रायलच्या सहभागावरून स्पेन, आयर्लंड, स्लोव्हेनिया, आइसलँड आणि नेदरलँड्स या पाच देशांच्या वाहिन्यांनी घेतलेली माघार एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. त्यावरचा ठरलेला सवालही कानावर आला असेल, की गाण्यात राजकारण कशाला? असं विचारणाऱ्यांनी एकदा या स्पर्धेचं अगदी पहिलं गाणं आणि ते गाणारी बाई कोण होती, हे बघावं. ते गाणं नेदरलँड्सचंच होतं.

२४ मे १९५६. स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरातलं कुर्साल नाट्यगृह. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी, एकूण चौदा. पहिल्या क्रमांकावर उभी राहिली येटी पेर्ल. तीन दिवसांनी तिला पस्तिसावं लागणार होतं. गाण्याचं नाव ‘हॉलंडचे पक्षी’. आमचे पक्षी फार सुरेल, वसंताचं स्वागत करता यावं म्हणून लहानपणापासूनच गायला शिकतात, एवढाच त्याचा आशय. संगीत कोर लमेर यांचं आणि शब्द आनी श्मिट यांचे. डच घराघरांतली मुलं पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या कवितांवर वाढली, त्याच या आनी श्मिट. युद्ध संपल्यावर त्या ज्या वर्तमानपत्रात नोकरीला लागल्या, ते ‘हेट पारोल’ नाझींच्या राजवटीत चोरून छापलं जात असे.

येटी स्वतः ॲमस्टरडॅममधल्या ज्यू कुटुंबातली. १९४०मध्ये जर्मन फौजा देशात घुसल्या आणि ती लंडनला निसटली. परागंदा डच सरकारचं ‘रेडिओ ओरान्ये’ हे केंद्र बीबीसीच्या लहरींवरून मायदेशी बोलत असे. येटी तिथे गाऊ लागली. नाझींची टिंगल करणारी, लोकांना धीर देणारी गाणी. ऐकणाऱ्यांनी तिचं नावच ‘रेडिओ ओरान्येची येत्ये’ करून टाकलं. तिकडे मायदेशात हे केंद्र लावणं गुन्हा होता. १९४३मध्ये तर जर्मनांनी रेडिओ संच जमा करण्याचा हुकूमच काढला. तरी लोकांनी संच दडवले आणि आवाज बारीक करून ते ऐकत राहिले. पकडलं जाण्याची भीती असतानाही जे गाणं ऐकलं जातं, त्याला निव्वळ करमणूक कोण म्हणेल?

युद्ध संपून अकराच वर्षं झाली होती. लुगानोच्या त्याच मंचावर त्या रात्री जर्मनीचे गायकही गाऊन गेले. आणि येटी गायली पक्ष्यांवर. त्या संध्याकाळचं संपूर्ण चित्रण टिकलेलं नाही. टिकला तो तिचा आवाज. गाणं अगदी हलकंफुलकं आहे. पण हा गळा आधी काय गात होता हे कळल्यावर मला ते हलकं वाटेनासं झालं. टिंगलीची, प्रतिकाराची गाणी गायची वेळ टळली, म्हणून वसंताचं गाणं गाता आलं. शांतता आल्याची याहून साधी खूण मला सुचत नाही.

तिचा नंबर कितवा लागला? ते मतदान गुप्त होतं आणि गुण कधीच जाहीर झाले नाहीत. फक्त विजेतीचं नाव पुकारलं गेलं, स्वित्झर्लंडच्या लिस आसियाचं. पुढच्याच वर्षी कोरी ब्रोकननं नेदरलँड्सला जिंकून दिलं. येटी २०१३मध्ये गेली.

आजच्या वादात तिला कुठल्याही एका बाजूनं ओढणं अन्यायाचं होईल. ती ज्यू होती आणि जीव वाचवण्यासाठी देश सोडून गेली होती. कलाकाराला त्याच्या सरकारची शिक्षा का, हा इस्रायलच्या बाजूनं विचारला जाणारा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पण गाझातली माणसांची होरपळ आणि पत्रकारांची मुस्कटदाबी बघून आम्हाला या मंचावर उभं राहवत नाही, असं डच वाहिनी म्हणते, तेव्हा तिनं गाण्याचा अपमान केला असं मला वाटत नाही. वसंताचं गाणं कधी गावं आणि कधी गाववत नाही, हे त्या देशाला माहीत आहे. येटीनं लंडनमध्ये काही वर्षं पक्षी बाजूला ठेवले होते. शांतता आल्यावर ते तिच्या गळ्यात परत आले. नेदरलँड्सही असंच परत यावं, आणि त्यासाठी आधी गाझात शांतता यावी.